आधी खुर्ची उलटी करून बघा

प्रश्न : आम्ही दोघं नोकरीमुळे कोपनहेगनला राहतो. खालच्या मजल्यावरच्या आजी वृद्धाश्रमात जाणार आहेत. त्यांच्याकडची काळ्या चामड्याची, ऐसपैस सागवानी खुर्ची त्या आम्हाला अगदी नाममात्र पैशांत देतायत. ‘ही फिन यूलनं केलेली सरदाराची खुर्ची आहे,’ असं त्यांचे यजमान सांगायचे म्हणे. चामड्याला भेगा पडल्यात, लाकूड काळवंडलंय. नवं चामडं लावून, पॉलिश करून ती नाशिकला न्यावी असं वाटतं. खुर्ची खरी असेल का?

उत्तर : पॉलिशवाल्याला अजून फोन केला नसेल, तर करू नका. जमिनीवर जाड घोंगडी अंथरा, दोघांनी मिळून खुर्ची अलगद उलटी ठेवा आणि बैठकीखालची चौकट बॅटरीच्या उजेडात बघा. लोखंडी ठसा तापवून लाकडात डागलेली अक्षरं दिसतात का? नील्स वॉडर या सुताराचं नाव, त्याचा धंदा, कोपनहेगन आणि आराखडा फिन यूलचा, असा मजकूर असेल तर खुर्चीवर न बसता मला पुन्हा पत्र लिहा.

‘यूलनं केलेली’ हे अर्धंच खरं, आणि सुताराचा मुलगा असल्यामुळे ते मला बोचतं. यूल (1912–1989) वास्तुविशारद. तो कागदावर रेघा ओढायचा. लाकूड कापलं, जोडलं, घासलं ते वॉडरच्या कारखान्यात. कोपनहेगनच्या सुतारांच्या संघानं 1927 पासून दरवर्षी प्रदर्शन भरवायला सुरुवात केली होती. कारखानी फर्निचर गिऱ्हाईक पळवत होतं, म्हणून या मंडळींनी वास्तुविशारदांना हाताशी धरलं. 1937 पासून यूल आणि वॉडर तिथं जोडीनं दिसू लागले.

तुमच्या आजींचे यजमान म्हणायचे ती खुर्ची 1949 च्या प्रदर्शनातली. रुंदी जवळजवळ 1 मीटर, पाठ ढालीसारखी, हातांवर खोगिरासारखं चामडं. बैठक चौकटीत बसवल्यासारखी वाटत नाही, वर तरंगल्यासारखी वाटते. उद्घाटनाला डेन्मार्कचे राजे नववे फ्रेडरिक आले आणि तिच्यात बसले. तेव्हा एका पत्रकारानं ‘राजाची खुर्ची’ असं नाव सुचवलं. यूल म्हणाला, त्यापेक्षा टोळीच्या सरदाराची म्हणा. (आपल्याकडे असती तर पाटलाची खुर्ची झाली असती. बसणाऱ्याचा ऐसपैसपणा तोच.)

त्या चौकटीत सरळ काठी शोधून सापडत नाही. प्रत्येक तुकडा कुठं फुगतो, कुठं निमुळता होतो, आणि सांध्यापाशी एक लाकूड दुसऱ्यात विरघळल्यासारखं दिसतं. हे सागवानात करायचं म्हणजे हत्यारांचे हाल. सागात वाळूचा अंश असतो. आमचे वडील म्हणायचे, ‘साग धार खातो.’ तासाभरात पटाशी परत दगडावर न्यावी लागते. वॉडरनं अशा जेमतेम 78 खुर्च्या केल्या. मला यात नवल एवढंच वाटतं की इतक्या तरी केल्या.

शिक्का नसला तर खुर्ची लगेच खोटी ठरत नाही. यूलचं फर्निचर पुढं अमेरिकेत मिशिगनच्या बेकर कंपनीनं काढलं, डेन्मार्कमध्येही इतरांनी केलं, आणि नवी सरदार खुर्ची आजही रीतसर हक्कानं बनते. त्या चांगल्याच आहेत, फक्त वॉडरच्या नाहीत. फरक डोळ्यांत भरवायचा तर कोपनहेगनजवळच्या ऑर्ड्रुपला जा. यूलनं 1942 मध्ये स्वतःसाठी बांधलेलं घर तिथं ऑर्ड्रुपगार्ड संग्रहालयाच्या ताब्यात आहे, आत जाऊन बघता येतं. शेकोटीजवळची खुर्ची निरखा. हात लावू देणार नाहीत, पण हाताखालची कड कशी वळते ते डोळ्यांनी नीट टिपून घ्या आणि घरी येऊन तुमच्या खुर्चीशी ताडून पाहा.

आता पॉलिशचं. पस्तीसेक वर्षांपूर्वी पुण्यातल्या एका बंगल्यातून माझ्याकडं जुनी खुर्ची दुरुस्तीला आली होती. खालच्या अंगाला काहीतरी डागलेलं होतं. मी मशीन फिरवून ते स्वच्छ घासून काढलं आणि वर मालकांना कौतुकानं दाखवलं. त्यांचा चेहरा पडलेला मला अजून दिसतो. त्या खुर्चीचा बाप कोण, हे आता कुणालाच कळणार नाही. तुमच्या खुर्चीचं लाकूड काळवंडलं आहे ते तसंच राहू द्या. भेगा पडलेलं चामडं मूळचं असेल तर तेही काढू नका. कोरड्या मऊ फडक्यानं धूळ टिपा, बस्स.

नाशिकचा एप्रिल तिला सोसेल का, याचीही मला शंका आहे. सत्तर वर्षं तिकडच्या हवेत मुरलेलं लाकूड आपल्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, मग सांधे करकरायला लागतात.

खरेपणाची खात्री कोपनहेगनमधलं एखादं जुनं लिलावघर करून देईल. पण शिक्का सापडलाच, तर त्यांच्याकडं जाण्याआधी एक जिना उतरा. आजींना उलटी खुर्ची दाखवा, अक्षरं वाचून दाखवा, आणि नाममात्र पैशांची गोष्ट मग पुन्हा पहिल्यापासून बोला.