गार्ड आधीच्या मालकाचा, क्लेम मात्र माझा नाकारला

आपल्या पत्रातील हकीकत थोडक्यात अशी आहे : दीड वर्षापूर्वी आपण जुनी एसयूव्ही विकत घेतली, तेव्हा तिच्या पुढच्या बंपरवर लोखंडी क्रॅश गार्ड बसवलेला होता. गेल्या महिन्यात ती दुभाजकावर आदळली, एका दुचाकीस्वाराचा पाय मोडला आणि एअरबॅग उघडल्या नाहीत. आता विमा कंपनीने गार्डचे कारण देऊन क्लेम नाकारला आहे, शिवाय पाच हजारांचे चलानही आले आहे. ‘गार्ड मी बसवलाच नाही, मग दोष माझा कसा?’ असे आपण विचारता.

आधी चलानाचे पाहू. मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम ५२ नुसार, उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी आरसी बुकातील नोंदी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला आहे. क्रॅश गार्ड आणि बुलबार यांवर कारवाई करण्याबाबत केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना कळवले होते. मात्र शिक्षा सांगणारे कलम १८२अ(४) ‘मालक असताना जो बदल करतो’ त्याच्याविषयी आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, ही शिक्षा बदल करणाऱ्याला आहे. त्यामुळे चलान घाईने भरू नका, कारण रक्कम भरणे म्हणजे तो बदल आपणच केल्याचे मान्य करण्यासारखे होईल. न्यायालयात बाजू मांडण्यासाठी खरेदीचा करार आणि विक्रीच्या जाहिरातीतील फोटो शोधून ठेवा. त्याचबरोबर हेही स्पष्ट सांगायला हवे की, धोकादायक दोष माहीत असूनही वाहन रस्त्यावर आणल्याबद्दल कलम १९० आपल्याला लागू शकते, आणि गार्ड तर रोज आपल्या डोळ्यांसमोर होता.

एअरबॅग का उघडल्या नाहीत, याचे उत्तर तपासणीशिवाय देता येणार नाही. पण गाडीचा पुढचा भाग चेपला जाऊन धक्का शोषून घेईल, अशीच त्याची रचना केलेली असते. गार्डचे ब्रॅकेट थेट चॅसीला, म्हणजे गाडीच्या मूळ सांगाड्याला, बोल्टने आवळलेले असले, तर तो भाग चेपण्याआधीच धक्का चॅसीपर्यंत पोहोचतो आणि सेन्सरला मिळणारा संकेत बदलू शकतो. पादचारी किंवा दुचाकीस्वाराला तर चेपणाऱ्या बंपरऐवजी कडक लोखंडी नळीच लागते. म्हणून गाडी दुरुस्त होऊन परत येईल तेव्हा तिच्यावर गार्ड असता कामा नये, ही माझी आपल्याला कळकळीची विनंती आहे. तोवर मात्र तो काढू नका, कारण आज तो आपला पुरावा आहे. वाकलेले ब्रॅकेट, बोल्टची जागा आणि बंपरची आतली बाजू यांचे तारखेसह फोटो घ्या आणि सर्व्हिस सेंटरकडून लेखी अहवाल मागा.

क्लेमच्या बाबतीत दोन प्रश्न वेगळे ठेवावे लागतील. जखमी दुचाकीस्वाराची भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरण ठरवेल आणि तिथे कंपनीला कलम १५० मधील मर्यादित कारणांवरच जबाबदारी टाळता येते. गाडीवर गार्ड होता एवढेच म्हणणे पुरणार नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा मात्र पॉलिसीच्या अटींवर उभा असतो. म्हणून सर्वांत आधी पॉलिसी आपल्या नावावर झाली होती का, हे तपासा. ती आधीच्या मालकाच्याच नावावर राहिली असेल, तर या भागात आपली बाजू फार कमकुवत आहे. नाव बदलताना किंवा नूतनीकरणाच्या वेळी कंपनीच्या माणसाने गाडीचे फोटो काढले असतील, तर ते लेखी अर्ज करून मागवा. त्यांत गार्ड दिसत असूनही कंपनीने हप्ता स्वीकारला असेल, तर माहिती दडवल्याचा आरोप टिकणे कठीण जाईल. याशिवाय अमलेंदु साहू प्रकरणात (२०१०) सर्वोच्च न्यायालयाने, अटीचा भंग झाला असला तरी दावा सरसकट न फेटाळता काही टक्के रक्कम देण्याचा मार्ग मान्य केला आहे. तो युक्तिवाद पर्याय म्हणून जरूर मांडावा.

पहिली तक्रार कंपनीच्या तक्रार निवारण विभागाकडे लेखी करा आणि पोच घ्या. एक महिन्यात उत्तर आले नाही किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर एक वर्षाच्या आत विमा लोकपालांकडे जाता येते. ग्राहक आयोगासाठी मुदत दोन वर्षांची आहे. क्लेम नाकारल्याचे पत्र ज्या लिफाफ्यातून आले, तो लिफाफाही तारखेच्या शिक्क्यासह जपून ठेवा.