शॉर्टफिल्म करायचीय, कॅमेरा शॉटचे बेसिक प्रकार कसे शिकू?

मोबाईल घ्या आणि एकाच माणसाला तीन अंतरांवरून शूट करा, लाँग, मिड आणि क्लोजअप, सुरुवातीला एवढंच पुरतं. मी पुण्यात शॉर्टफिल्मच्या सेटवर कॅमेरा असिस्टंटचं काम करतो, नवीन पोरं वीस-पंचवीस नावं पाठ करून येतात आणि फ्रेम (कॅमेऱ्यात दिसणारा चौकोन) माणसाच्या अंगावर कुठे कापायची तिथेच अडतात. समजा मित्र टपरीवर चहा पितोय. लाँगमध्ये तो डोक्यापासून पायापर्यंत दिसतो, मागे टपरी, स्टोव्ह, लावलेल्या गाड्या, म्हणजे कुठे आहे ते कळतं. मिड कमरेपासून वर, यात बोलणं आणि हातातला ग्लास दोन्ही येतं. क्लोजअप म्हणजे नुसता चेहरा, चहाचा चटका बसल्यावर डोळे कसे बारीक झाले ते इथेच दिसणार. आणि फ्रेम गुडघा, मनगट असल्या सांध्यावर कापू नका, मांडीवर किंवा छातीवर कापा, नाहीतर माणूस तोडल्यासारखा दिसतो (हे सगळ्यांचंच चुकतं). क्लोजअपला डिजिटल झूम नको, पिक्चर फुटतं, पण फोन पार नाकाला लावलात तर इतक्या जवळून नाकच मोठं येतं, म्हणून टू एक्सची (दुप्पट जवळचं दाखवणारी) वेगळी लेन्स असेल तर थोडं लांबून ती वापरा. फक्त एक, मिड कुठे संपतो आणि क्लोजअप कुठे सुरू होतो हे प्रत्येक जण थोडं वेगळं सांगतो, म्हणून सेटवर सरळ 'छातीपासून वर घे' असंच म्हणा. कोर्सच हवा असेल तर पुण्यात लॉ कॉलेज रोडच्या एफटीआयआयचे (सरकारी फिल्म इन्स्टिट्यूट) शॉर्ट कोर्स बघा.