लोणचं बाहेर, ठेचा आत: फ्रिजच्या दारातल्या बाटल्यांचं काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा: नवं बिऱ्हाड, लहान फ्रिज आणि त्याच्या दारात बाटल्यांची दाटी. आईने दिलेलं कैरीचं लोणचं, लसूण-खोबऱ्याची चटणी, तेलातला ठेचा. शिवाय केचप, सोया सॉस, मेयोनीज, मध. नवरा म्हणतो सगळं फ्रिजमध्ये, सासूबाई म्हणतात लोणचं कधी कुणी फ्रिजमध्ये ठेवतं का!

लोणच्यापुरत्या सासूबाई बरोबर आहेत. ठेच्यापुरता नवरा. बाकीच्यांचं सांगते.

कुठलीही बरणी हातात घेतली की आधी एवढंच बघायचं, की तिला टिकवतंय कोण? मीठ, आंबटपणा, साखर किंवा कोरडेपणा, यांपैकी एखादं तरी भरपूर असेल तर ती बाहेर राहते. यातलं काहीच धड नसेल तर फ्रिजला पर्याय नाही. तेलाचं नाव मी मुद्दाम घेतलं नाही. ते पुढे येईल.

कैरीच्या लोणच्यात मीठ सढळ असतं आणि कैरी मुळातच आंबट, त्यामुळे ते वर्षभर बाहेर आरामात राहतं. आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमांतही, मिठाच्या पाण्यातल्या लोणच्यात मीठ किमान 12 टक्के हवं असं आहे, यावरून अंदाज येईल. वर बोटभर तेल दिसलं पाहिजे. फोडी उघड्या पडल्या की हवेला लागून बुरशी धरते, म्हणून तेल कमी वाटलं तर कडकडीत तापवून पूर्ण गार केलेलं तेल वरून घाला. मोठी बरणी रोज उघडू नका. आठवड्यापुरतं छोट्या काचेच्या बाटलीत काढा आणि मोठीला दादरा बांधून कपाटात ठेवा. पत्र्याचं झाकण मात्र नको, मीठ आणि आंबटपणा ते खातात आणि गंज आत पडतो. लोणची नासतात ती बहुतेक वेळा ओल्या चमच्याने, हवेने नव्हे. आमच्याकडे लोणच्याचा चमचा वेगळा असतो आणि तो भाताच्या ताटात बुडवणाऱ्याला घरात शत्रू मानतात.

लिंबाचं उपासाचं लोणचं तर तेलाशिवाय वर्षानुवर्षं राहतं, काळं पडतं आणि जास्तच छान लागतं. गुळांबा, साखरांबा, मोरांबा यांना साखर सांभाळते. पाक पक्का असेल तर वर्षभर बाहेर. मेथांब्याला पाणी जास्त आणि गूळ बेताचा, तो फ्रिजमध्ये आठ-दहा दिवस. तक्कू तीन-चार दिवसांत संपवा.

इथे एक सावधगिरी. बीपीमुळे ‘कमी मिठाचं’ लोणचं आणि शुगरमुळे ‘कमी साखरेचा’ मोरांबा हल्ली घरोघर होतो. खायला हरकत नाही, पण राखणदारच कमी केला तर जुना नियम लागू होत नाही. असं लोणचं थोडंच करा आणि पहिल्या दिवसापासून फ्रिजमध्ये ठेवा. आईला फोन करून मीठ कसं घातलंय ते विचारून घ्या.

आता तेल. आपल्याकडे पक्का समज आहे की तेलात बुडालं म्हणजे टिकलं. तेल म्हणजे नुसतं झाकण. ते हवा अडवतं, बुरशी अडवतं, पण जंतू मारत नाही. आणि काही जंतूंना हवा नसलेलीच आवडते. बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचा जंतू त्यातलाच: मातीत असतो, लसणावरून, मिरचीवरून, आल्यावरून येतो, आणि ओलावा, कमी आंबटपणा व बिनहवेची जागा मिळाली की विष तयार करतो. 1985 मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला तेलातल्या चिरलेल्या लसणामुळे 36 जणांना हे विष बाधलं. बाटली फ्रिजबाहेर राहिली होती. या विषाला वास नसतो आणि चव घेऊन ते कळत नाही. म्हणून ‘वास तर चांगला येतोय’ हे उत्तर इथे चालत नाही.

कैरीच्या लोणच्यात ही भीती नाही, कारण ते पुरेसं आंबट असतं. सामू (pH, तो जितका कमी तितकं आंबट) 4.6 च्या खाली गेला की हा जंतू वाढत नाही. पण हिरव्या मिरचीचा, लसणाचा ठेचा आंबट नसतो. त्यावर तेल ओतून ओट्यावर आठवडाभर ठेवणं मला पटत नाही, मग आजी कितीही ठेवत असोत. आजीचा ठेचा दोन दिवसांत संपायचा, हेही लक्षात घ्या. तुमचा ठेचा फ्रिजमध्ये, आठवडाभरात संपवायचा. जास्त असेल तर बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून चौकोन डब्यात भरून ठेवा. घरची आलं-लसूण पेस्ट आणि घरचं शेझवानही तसंच. शेझवानमध्ये व्हिनेगर घालता ते बरंच आहे, तरी जागा फ्रिजमध्येच.

लसूण-खोबऱ्याच्या चटणीत लसूण चांगला परतून कोरडा केला असेल तर बाहेर दोन-तीन आठवडे ठीक. कच्चा लसूण कुटलेला असेल तर आठवड्याच्या आत संपवा किंवा सरळ फ्रिजमध्ये ठेवा. शेंगदाणा, तीळ, कारळं, जवस यांच्या कोरड्या चटण्या नासत नाहीत, खवट होतात. महिनाभर बाहेर, त्यातही जवस आधी बिघडतं. मुंबई-कोकणच्या पावसात फ्रिज बरा. पण डबा बाहेर काढल्या काढल्या उघडू नका. गार चटणीवर दमट हवेचं पाणी सुटतं, गुठळ्या होतात आणि मग बुरशी. ओट्यावर थोडा वेळ बंदच राहू द्या, मग लागेल तेवढी काढा. शेंगदाण्याच्या चटणीला बुरशी दिसली तर वरची काढून खालची वापरायचा मोह नको, पूर्ण टाका. शेंगदाण्यावरच्या बुरशीत अफ्लाटॉक्सिन नावाचं विष असू शकतं आणि ते भाजून जात नाही. ओल्या नारळाची चटणी मात्र त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या.

विकतच्या बाटल्यांचं काम सोपं आहे. केचप उघडल्यावर बाहेर महिनाभर चालतं, फ्रिजमध्ये सहा महिने. हॉटेलात टेबलावर बाटली असते म्हणून घरी तशी ठेवू नका, त्यांची चार दिवसांत संपते आणि आपली दिवाळी ते दिवाळी चालते. सोया सॉस खूप खारट, तो बाहेर राहतो. महिनोन् महिने पुरणार असेल तर चवीसाठी आत. व्हिनेगर बाहेर. मध बाहेरच, फ्रिजमध्ये साखरेसारखा घट्ट होतो, बिघडलेला नसतो. (वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध चाटवू नका, कुणी कितीही आग्रह केला तरी. त्यातही बोट्युलिझमच्या जंतूचे बीजाणू असू शकतात.) मेयोनीज, अंड्याचं असो वा बिनअंड्याचं, उघडल्यावर फ्रिजमध्ये आणि दोन महिन्यांत संपवा. घरी कच्च्या अंड्याचं केलं तर दोन-तीन दिवस, त्यापुढे नाही. विकतच्या लोणच्यावर 260 आणि 211 असे आकडे दिसतील, ते अनुक्रमे अ‍ॅसेटिक आम्ल आणि सोडियम बेंझोएट. म्हणून ते बाहेर राहतं. तरीही लेबलवर ‘उघडल्यानंतर फ्रिजमध्ये ठेवा’ असेल तर माझ्यापेक्षा लेबलचं ऐका. कंपनीने त्यात काय कमी-जास्त केलंय ते तिलाच ठाऊक.

‘वापरण्याची मुदत’ ही न उघडलेल्या बाटलीची असते, हे बरेच जण विसरतात. झाकणावर उघडल्याची तारीख मार्करने लिहा.

आणि फ्रिजचं दार ही आतली सगळ्यांत उबदार जागा, सारखी उघडझाप होते ती तिथेच. केचप, सॉस तिथे ठीक. ठेचा, आलं-लसूण पेस्ट आणि मेयोनीज आतल्या कप्प्यात मागे सरकवा. लोणचं, मध, व्हिनेगर बाहेर आणि सोया सॉस लवकर संपत असेल तर तोही बाहेर, एवढं केलंत तरी दुधाच्या पिशवीला जागा होईल.