एकच सौदा चार वेळा का शोधावा?

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीच्या अडत पेढ्यांसाठी मी रुबी ऑन रेल्समध्ये (रुबी भाषेतील वेब-चौकटीत) सौद्यांच्या नोंदींचे अ‍ॅप्लिकेशन लिहितो आहे. सौदा दाखवणे, दुरुस्तीचा फॉर्म उघडणे, दुरुस्ती जतन करणे आणि सौदा रद्द करणे, या चारही अ‍ॅक्शनच्या (विनंती आल्यावर चालणाऱ्या कोडच्या तुकड्यांच्या) सुरुवातीला लॉगिन तपासणे, पेढी ठरवणे व सौदा शोधणे याच ओळी येतात. त्या एका जागी कशा आणाव्यात?
— एक वाचक, सांगली

उत्तर : तिन्ही कामांच्या प्रायव्हेट मेथड (बाहेरून न बोलावता येणारे कोडचे तुकडे) लिहून त्या, मेथड अ‍ॅक्शनच्या आधी चालवणाऱ्या, 'बिफोर अ‍ॅक्शन'ने जोडाव्यात. (२०१३ मधील रेल्स ४ पर्यंत यालाच 'बिफोर फिल्टर' म्हणत, रेल्स ५.१ मध्ये ते नाव काढून टाकले गेले.) त्यांत भरलेली इन्स्टन्स व्हेरिएबल (@ ने सुरू होणारी चले) अ‍ॅक्शनला आणि व्ह्यूलाही (पानाच्या साच्यालाही) मिळतात.

लॉगिनची तपासणी, सर्व कंट्रोलरचा (अ‍ॅक्शनच्या गटांचा) पालक असलेल्या, अ‍ॅप्लिकेशन कंट्रोलरमध्ये सर्वांना लागू ठेवावी आणि लॉगिनच्या पानापुरती 'स्किप बिफोर अ‍ॅक्शन'ने वगळावी. येथे 'ओन्ली'ची (फक्त कोणत्या अ‍ॅक्शनना तपासणी लागू, त्यांची) यादी दिली, तर पुढच्या हंगामात हिशेबपट्टी छापण्याची नवी अ‍ॅक्शन लिहिताना तिचे नाव यादीत घालायचे राहून जाते आणि ती पट्टी लॉगिनशिवाय कोणालाही उघडता येते. तपासणीत नुसते 'फॉल्स' परत करून भागत नाही. रीडायरेक्ट (दुसऱ्या पानाकडे वळवणे) किंवा रेंडर (पान दाखवणे) झाले, तरच पुढची अ‍ॅक्शन थांबते.

सौदा शोधणारी मेथड मात्र सौद्यांच्याच कंट्रोलरमध्ये असावी आणि 'ओन्ली'ने त्या चार अ‍ॅक्शनपुरतीच बांधावी, कारण नव्या सौद्याच्या फॉर्मला आयडीच नसतो. या मेथड लिहिल्या त्या क्रमाने, आणि पालक कंट्रोलरमधल्या आधी, चालतात. म्हणून लॉगिन, मग पेढी, मग सौदा असाच क्रम हवा. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सौदा मॉडेलवर (डेटाबेसमधील सर्व सौद्यांच्या वर्गावर) थेट 'फाइंड' (आयडीने शोध) न करता तो ठरलेल्या पेढीच्या सौद्यांतूनच शोधावा. एरवी ब्राउझरच्या पत्त्यातील सौद्याच्या आयडीत ४१२ चे ४१३ करताच शेजारच्या गाळ्यातील पेढीचा भाव आणि पोत्यांची संख्या समोर येईल. पेढीतून शोधल्यास तो सौदा सापडणारच नाही आणि प्रॉडक्शनमध्ये (प्रत्यक्ष वापरात) ४०४ चे, म्हणजे 'सापडले नाही' असे, पान दिसेल. चार ठिकाणी ही ओळ लिहिताना एका ठिकाणी चूक होतेच, म्हणूनच ती एका जागी आणण्याचा आपला विचार मला फार योग्य वाटतो.

अडत आणि हमालीचा हिशेब मात्र 'बिफोर अ‍ॅक्शन'मध्ये नेऊ नये. तो सौद्याच्या मॉडेलमध्ये ठेवावा, म्हणजे रात्री आपोआप चालणाऱ्या कामालाही तोच वापरता येईल.