केस सरळ करणारी रसायने आणि अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रिया

केस सरळ करणाऱ्या ‘रिलॅक्सर’मुळे कर्करोग होतो का, हा आपला प्रश्न रास्त आहे. तो होतोच असे सिद्ध झालेले नाही. मात्र संबंध दुर्लक्षिण्याजोगा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 33,497 स्त्रियांचा सुमारे अकरा वर्षे मागोवा घेतला गेला. अशी उत्पादने कधीच न वापरलेल्या स्त्रियांमध्ये सत्तरीपर्यंत गर्भाशयाचा कर्करोग होण्याचे प्रमाण 1.64 टक्के, तर वर्षातून चारपेक्षा अधिक वेळा वापरणाऱ्यांमध्ये ते 4.05 टक्के असल्याचा अंदाज त्यातून निघाला. वंशानुसार या संबंधात लक्षणीय फरक दिसला नाही. परंतु आदल्या वर्षभरात ही उत्पादने वापरणाऱ्यांपैकी सुमारे 60 टक्के स्त्रिया कृष्णवर्णीय होत्या, म्हणून संभाव्य भार त्यांच्यावरच अधिक पडतो.

रिलॅक्सरमधील तीव्र अल्कली केसांतील प्रथिनांचे बंध तोडते आणि टाळू भाजली, तर इतर रसायने शरीरात शिरण्याची शक्यता वाढते. टाळूवर जखम असताना ते लावूच नये.

तरीही हा प्रश्न केवळ वैयक्तिक निवडीचा नाही, असे मला ठामपणे वाटते. नैसर्गिक कुरळे केस किंवा वेण्या ‘अव्यावसायिक’ ठरवून नोकरी नाकारली जात असेल, तर त्या निवडीला स्वेच्छा कसे म्हणावे? कॅलिफोर्नियाने 2019 मध्ये ‘क्राउन अ‍ॅक्ट’ करून अशा भेदभावास मनाई केली आणि पुढे अनेक राज्यांनी तसेच कायदे केले.