ईएपीमुळे कामगारांची दारू सुटते का? पुरावा काय सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: चाकणच्या कारखान्यात तुम्ही एचआर सांभाळता. एक बाहेरची संस्था ‘एम्प्लॉयी असिस्टन्स प्रोग्रॅम’ म्हणजे ईएपी घेऊन आली आहे. चोवीस तास हेल्पलाइन आणि माणशी काही मोफत समुपदेशन सत्रं. साहेब विचारतात, याने पिणारी माणसं सुधारतात याला पुरावा काय?

पुरावा आहे, आणि चांगला आहे. फक्त तुम्हाला जे विकलं जातंय त्याचा तो नाही. मी पिंपरी-भोसरी पट्ट्यातल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून निवृत्त झालो. व्यसनी कामगारांच्या फायली हा माझ्या नोकरीचा मोठा भाग होता, त्यामुळे हे संशोधन मी गरजेपोटी वाचत गेलो.

ईएपी जन्माला आलं तेच मुळी दारूसाठी. १९४०च्या दशकात अमेरिकेत ड्यू पाँ, ईस्टमन कोडॅक अशा कंपन्यांत अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस (एए) या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या एकमेकांना आधार देणाऱ्या गटांमधून सावरलेली माणसं आपल्याच कारखान्यातल्या पिणाऱ्यांना गाठून मीटिंगला न्यायची. १९७० साली सिनेटर हॅरॉल्ड ह्यूज यांच्या पुढाकाराने कायदा झाला आणि दारूच्या प्रश्नासाठी स्वतंत्र राष्ट्रीय संस्था उभी राहिली. ह्यूज स्वतः दारूतून बाहेर आलेले होते. पुढे या कार्यक्रमांत घरचे तंटे, कर्ज, ताणतणाव असं सगळं आलं. व्याप वाढला आणि दारू मागच्या बाकावर गेली. आज फोन नंबर छापलेलं जे कार्ड तुम्हाला दाखवलं जातं, ते या वळणानंतरचं रूप आहे.

सुरुवातीच्या रूपाची सगळी भिस्त सुपरवायझरवर होती. कॉर्नेल विद्यापीठाचे हॅरिसन ट्राइस आणि त्यांच्यासोबत पॉल रोमन यांनी याची नीट मांडणी केली. सुपरवायझरने निदान करायचं नाही, दारूचं नावही काढायचं नाही. बोलायचं ते फक्त कामाबद्दल. हे वाचताना मला आमचा शॉपफ्लोअर दिसायचा. फोरमनने ‘तू पितोस’ म्हटलं की समोरचा ‘कोण म्हणतं?’ म्हणणार, मग युनियनचा माणूस येणार आणि चर्चा वासावर जाणार. त्याऐवजी मस्टर पुढे ठेवा. सोमवारचे खाडे, पगाराच्या दुसऱ्या दिवशीचे खाडे, जेवणाच्या सुट्टीनंतरचं रिजेक्शन, सोसायटीतून घेतलेली उचल. मग एकच वाक्य: ‘हे असं चाललं तर चार्जशीट निघेल, पण त्याआधी मदत घेणार असशील तर नोकरी शाबूत आहे.’ यातली धमकी आणि मदत एकाच माणसाच्या तोंडून, एकाच बैठकीत यावी लागते. नुसती धमकी दिली तर माणूस रजा टाकून गावी जातो. नुसती मदत देऊ केली तर ‘बघू साहेब’ म्हणतो आणि संध्याकाळी पुन्हा बसतो.

आता ज्या अभ्यासाबद्दल साहेबांना सांगायलाच हवं तो. डायना चॅपमन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी १९९१ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये तो प्रसिद्ध केला. न्यू इंग्लंडमधल्या एका मोठ्या कारखान्याच्या ईएपीकडे आलेले २२७ कामगार चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत वाटले. पहिल्याला सक्तीने रुग्णालयात दाखल करून उपचार. दुसऱ्याला सक्तीने फक्त एएच्या मीटिंगा. तिसऱ्याला पर्याय निवडायची मुभा. मग दोन वर्षं पाठपुरावा.

कामाच्या बारा निकषांवर तिन्ही गट सुधारले आणि त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक दिसला नाही. नोकरीचं दडपण तिघांवर सारखंच होतं. पण पिण्याच्या निकषांवर चित्र वेगळं निघालं: रुग्णालयाचा गट सर्वांत बरा, नुसत्या एएचा सर्वांत मागे, निवडीचा मध्ये. नंतर पुन्हा दाखल करायची वेळ रुग्णालयाच्या गटात २३ टक्क्यांवर आली, निवडीच्या गटात ३८ आणि एएच्या गटात ६३ टक्क्यांवर. आणि व्यवस्थापनाला आवडेल असा आकडा शेवटी येतो. स्वस्तातला मार्ग म्हणून मीटिंगा निवडाव्यात, तर मागाहून दाखल करण्याचा खर्च धरून इतर दोन गटांचा रुग्णालयाचा खर्च पहिल्या गटापेक्षा सरासरी जेमतेम दहा टक्के कमी भरला.

या अभ्यासाच्या मर्यादाही सांगा, नाहीतर कोणीतरी तुम्हाला अडवेल. यात काहीच उपचार न मिळालेला गट नव्हता. अमेरिकेतली तेव्हाची रुग्णालयं आणि आपल्याकडची व्यसनमुक्ती केंद्रं यांत फरक आहे. आणि एए निकामी आहे असा निष्कर्ष कोणी काढू नये. रुग्णालयातून सुटलेल्यांनाही पुढे मीटिंगांनाच जायचं होतं. मला यातून दिसतं ते एवढंच: हजेरीपत्रक सुधारलं म्हणजे माणूस सुधारला असं नाही. मस्टर स्वच्छ आणि घरी रोज क्वार्टर, अशी माणसं मी पाहिली आहेत.

दडपण, खरा उपचार आणि लांबलचक पाठपुरावा तिन्ही एकत्र आले की काय होतं, ते डॉक्टरांवरच्या एका अभ्यासात दिसतं. अमेरिकेतल्या १६ राज्यांत व्यसनी डॉक्टरांसाठी चालणाऱ्या कार्यक्रमांतले ९०४ डॉक्टर संशोधक टॉम मॅक्लेलन यांच्या गटाने पाच वर्षं पाहिले (‘बीएमजे’ हे वैद्यकीय नियतकालिक, २००८). उपचार पुरे करून देखरेखीखाली पुन्हा प्रॅक्टिस करू लागलेल्यांपैकी १९ टक्क्यांच्या लघवीच्या तपासणीत कधी ना कधी दारू वा ड्रग सापडलं. बाकी ८१ टक्के पाच वर्षं स्वच्छ. व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात असा आकडा सहसा ऐकायला मिळत नाही. अर्थात डॉक्टराचा परवाना जाणं आणि कंत्राटी कामगाराचा गेटपास जाणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, म्हणून हा आकडा जसाच्या तसा आपल्या कारखान्यात मागू नका.

पाठपुराव्याचा भाग सगळेच विसरतात. १९९१ सालीच फूट आणि अर्फर्ट या संशोधकांनी कारखान्यातल्या ईएपीकडे आलेल्यांना जास्तीचा पाठपुरावा देऊन पाहिला. फरक अपेक्षित दिशेचा होता, पण लहान. म्हणजे अधूनमधून फोन करणं पुरत नाही.

आता ‘एक रुपया घाला, चार रुपये वाचतील’ ही स्लाइड. ती तुम्हाला दाखवलीच असेल. तिच्यामागचे बरेचसे हिशेब आधी-नंतरचे असतात: ईएपीकडे येण्याआधीच्या महिन्यांत किती खाडे, नंतरच्या महिन्यांत किती. पण माणूस कल्याण अधिकाऱ्याच्या दारात येतो तो त्याच्या सगळ्यांत वाईट महिन्यात. ताप सर्वांत चढलेला असताना डॉक्टरकडे गेलात की दुसऱ्या दिवशी तो थोडा उतरतोच, गोळी घ्या वा न घ्या. शिवाय आपणहून फोन करणारा मुळातच बदलायला तयार झालेला असतो. त्याची तुलना फोन न करणाऱ्याशी करून मिळालेला फायदा ईएपीच्या खात्यावर कसा टाकायचा? म्हणून विकणाऱ्याला इतकंच विचारा: तुमच्याकडे आलेल्या फोनांपैकी दारूचे किती, त्यातले किती जण केंद्रात पोचले, आणि वर्षानंतर त्यांची खबर कोण ठेवतं? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळेल. पुढच्या दोन प्रश्नांना बहुतेक वेळा नुसतं हसू मिळतं.

फोनवरच्या समुपदेशनाला मी मोडीत काढत नाही. जास्त पिणारा, पण अजून पूर्ण अडकलेला नाही, अशा माणसासाठी थोडकी सत्रं उपयोगी पडतात, आणि याचा पुरावा आपल्या शेजारचा आहे. गोव्यात संगाथ संस्थेच्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल यांच्या गटाने प्राथमिक आरोग्य केंद्रांत आलेल्या ३७७ पुरुषांवर चाचणी केली. समुपदेशक डॉक्टर नव्हते, प्रशिक्षण दिलेली साधी माणसं होती. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्या गटातले ३६ टक्के धोक्याच्या पिण्यातून बाहेर आले होते, ते न मिळालेल्या गटातले २६. हा दहा टक्क्यांचा फरक वर्षाअखेर आणखी रुंदावला. गोव्यातल्याच औद्योगिक कामगारांच्या आधीच्या एका पाहणीत धोकादायक प्रमाणात पिणारे पाचात एक निघाले होते. तुमच्या कारखान्यात यातले बरेच असतील, आणि त्यांच्यासाठी आलेली संस्था ठीक आहे, फक्त समुपदेशक मराठी आणि हिंदी बोलणारा हवा.

पण सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याला चार सत्रं देऊन भागत नाही. त्याने एकदम सोडली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डिटॉक्स, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली दारू उतरवणं, मग व्यसनमुक्ती केंद्र. पुण्यात मुक्तांगण हे केंद्र १९८६ पासून आहे आणि आमच्याकडचे बरेच जण तिथून परतले. काही टिकले, काहींची स्लिप झाली, म्हणजे पिणं परत सुरू झालं, आणि ते पुन्हा गेले. टिकलेल्यांत मला एक गोष्ट सामाईक दिसली: परतल्यावर लाइनवर त्यांची वाट पाहणारा एखादा जुना सावरलेला कामगार होता, आणि पाठपुराव्याच्या दिवशी त्यांना शिफ्ट बदलून मिळत होती. ही सोय करायला कंपनीला जवळजवळ खर्च येत नाही. ती सुपरवायझरच्या मर्जीवर सोडू नका, लेखी ठेवा.

गुप्ततेबद्दल एक. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि ड्रगच्या व्यसनाशी निगडित विकारही येतात, आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं बंधनकारक आहे. करारात लिहून घ्या की संस्थेकडून एचआरला नावं येणार नाहीत, फक्त आकडे येतील. अपवाद सुपरवायझरने पाठवलेल्या माणसाचा: तो हजर राहतो की नाही एवढंच, तेही त्याच्या सहीने. एक नाव फुटलं तर पुढे वर्षभर कोणी फोन उचलणार नाही.

आणि करारावर सही करण्याआधी कंपनीची ग्रुप मेडिक्लेम पॉलिसी काढून बघा. विमा नियामकाने ठरवलेल्या प्रमाणित अपवादांच्या यादीत बारावा अपवाद दारू, ड्रग आणि कोणत्याही व्यसनाच्या उपचाराचा आहे. तुमच्या पॉलिसीत तो असेल तर ईएपीचा समुपदेशक कामगाराला ‘केंद्रात दाखल व्हा’ म्हणेल आणि बिल कामगाराच्या बायकोला दागिने मोडून भरावं लागेल. ग्रुप पॉलिसीत अटींवर बोलणी होऊ शकतात. नूतनीकरणाच्या वेळी हा अपवाद काढायला किती जादा प्रीमियम लागेल ते ब्रोकरला विचारा, आणि तो आकडा ईएपीच्या कोटेशनशेजारी ठेवूनच साहेबांपुढे जा.