ऑलमन ब्रदर्स बँडच्या लाइव्ह रेकॉर्डिंगचं लोकांना अजून इतकं वेड का? नव्याने ऐकायचं तर सुरुवात कुठून करावी?

स्टुडिओ अल्बम ऐकले, बरे वाटले, पण पन्नास वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमांची रेकॉर्डिंग्ज माणसं अजून का जमवतात ते कळलं नाही, असं तुम्ही लिहिलंय. तुमचं काही चुकलेलं नाही. या अमेरिकन रॉक बँडची पारख स्टुडिओ अल्बमवर होतच नाही. 'व्हिपिंग पोस्ट' १९६९ च्या पहिल्या अल्बमवर जेमतेम सव्वापाच मिनिटांचं आहे. मार्च १९७१ मध्ये न्यूयॉर्कच्या फिलमोर ईस्ट सभागृहात तेच गाणं २३ मिनिटं चाललं. स्टुडिओतली आवृत्ती म्हणजे नुसती बंदिश. बढत मंचावर व्हायची, आणि ती रोज वेगळी.

वेडाचं मूळ त्यातच आहे. गिटारवादक ड्वेन ऑलमनच्या काळात यांची गाण्यांची यादी लहान होती, फिरून फिरून तीच दहा-पंधरा गाणी. त्यामुळे चाहता विचारतो ते 'कोणतं गाणं' असं नाही, तर 'कोणत्या तारखेचं' असं. मार्च १९६९ मध्ये फ्लोरिडातल्या जॅक्सनव्हिलला बँड जमला, मग जॉर्जियातल्या मेकनला मुक्काम हलला. २९ ऑक्टोबर १९७१ ला मेकनमध्येच मोटरसायकलच्या अपघातात ड्वेन गेला, वय २४. म्हणजे मूळ सहा जणांचा संच अडीच वर्षं टिकला. त्या अडीच वर्षांतली टेप संपणारी वस्तू आहे, म्हणून जुनी एखादी नव्याने बाहेर आली की इतकी चर्चा होते.

सहा जण कोण ते आधी पक्कं करा, नाहीतर ऐकताना सगळा गलका वाटतो. ड्वेन: गिटार आणि स्लाइड. डिकी बेट्स: दुसरी गिटार, आणि 'दुसरी' हा शब्द फक्त मोजण्यापुरता, कारण दोघेही आघाडीचे वादक. ग्रेग ऑलमन: गायन आणि हॅमंड ऑर्गन. बेरी ओकली: बेस. बुच ट्रक्स आणि जेमो: दोन ड्रमर. बुच गाडी रेटत नेतो, तर जेमो जॅझच्या अंगाने त्याच्या भोवती वाजवतो. गायक ओटिस रेडिंगच्या साथीला वाजवून आलेला हा कृष्णवर्णीय ड्रमर १९६९ च्या जॉर्जियात गोऱ्या पोरांबरोबर एका घरात राहत होता, ही त्या काळात साधी गोष्ट नव्हती. आणि हो, 'सदर्न रॉक' (अमेरिकेच्या दक्षिणेतला रॉक) हा शिक्का ग्रेगला आवडत नसे. रॉक जन्मलाच दक्षिणेत, मग वेगळं काय सांगता, असं त्याचं म्हणणं. मला ते पटतं.

सुरुवात 'अॅट फिलमोर ईस्ट'पासूनच करा (जुलै १९७१, निर्माता टॉम डाउड). सगळे हेच सांगतात आणि सगळे बरोबर आहेत. पहिल्या रात्री पाहुणे हॉर्न वादक मंचावर आलेले पाहून डाउडला धडकी भरली आणि त्यांना नंतर वगळलं गेलं. चार बाजूंवर मिळून सातच गाणी आहेत. पण सलग सव्वा तास ऐकू नका. पहिल्यांदा ऐकणारा बहुधा तिथेच थकतो. मी सुचवेन तो क्रम असा.

आधी फक्त 'स्टेट्सबरो ब्लूज', हेडफोन लावून. दोन गिटार दोन बाजूंना ठेवल्या आहेत. ज्या कानात काचेची सरकती मींड ऐकू येते तो ड्वेनचा कान, हे लक्षात ठेवा, पुढे सगळीकडे उपयोगी पडेल. ती काच म्हणजे कोरिसिडिन नावाच्या सर्दीच्या गोळ्यांची रिकामी बाटली, अनामिकेत घातलेली. गिटार ओपन ई मध्ये लावलेली (जाड तारेपासून ई, बी, ई, जी शार्प, बी, ई) आणि उजव्या हाताला पिक नाही, नुसती बोटं. बोटांनी वाजवल्यामुळे नको त्या तारा लगेच दाबून धरता येतात. स्लाइड वाजवणाऱ्या नवख्याचा आवाज खरखरीत येतो तो बहुतेक वेळा डाव्या हातामुळे नव्हे, तर उजव्या हाताने तारा न दाबल्यामुळे. ड्वेनकडे ती खरखर जवळजवळ नाहीच.

मग 'इन मेमरी ऑफ एलिझाबेथ रीड'. हे नाव मेकनच्या रोझ हिल स्मशानभूमीतल्या एका थडग्यावरून बेट्सने उचललं. ड्वेन आणि बेरी पुढे त्याच स्मशानभूमीत विसावले. शब्द नाहीत, तेरा मिनिटं. सुरुवातीला बेट्स तार छेडताना व्हॉल्यूमची खुंटी बंद ठेवतो आणि छेडल्यावर उघडतो, त्यामुळे आघात ऐकूच येत नाही आणि गिटार व्हायोलिनसारखी उमलते. मग दोन्ही गिटार मुखडा जोडीने वाजवतात, सा-ग सारखं अंतर ठेवून. पुढचा क्रम: बेट्स, ऑर्गन, ड्वेन, ड्रम, आणि परत मुखडा. मागे कॉर्ड फारसे बदलत नाहीत. 'ए' हा सा धरलात तर स्वर काफी थाटाचे लागतात. त्यामुळे हिंदुस्थानी ऐकणाऱ्या कानाला हा तुकडा ब्लूजपेक्षा लवकर उमगतो. ही मंडळी जॅझमधले माइल्स डेव्हिस आणि कोल्ट्रेन सतत ऐकत होती, ते इथे स्पष्ट दिसतं. ड्वेनची पाळी आली की घाई करू नका. तो छोट्या वाक्यांनी सुरू करतो, वर चढतो, मुद्दाम परत खाली येतो आणि दुसऱ्यांदा चढतो. लोक 'ड्वेन, ड्वेन' करतात ते वेगासाठी नव्हे, ही दुसरी चढण कधी सुरू करायची याच्या अंदाजासाठी.

'व्हिपिंग पोस्ट' तिसऱ्या बैठकीला. गाण्याआधी गर्दीतून कुणीतरी फर्माईश ओरडतो, आणि ड्वेन माइकवर सांगतो की सुरुवात बेरी करतोय. (ही आरोळी पुढे इतरांच्या कार्यक्रमातही थट्टेने मारली जाऊ लागली. १९७४ मध्ये हेलसिंकीत कुणीतरी ती रॉक संगीतकार फ्रँक झॅपाला मारली. तेव्हा त्याला गाणं येत नव्हतं, मग नंतर त्याने ते बसवून १९८४ च्या अल्बमवर घातलं.) बेसचा तो तुकडा ११ मात्रांचा आहे: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. बोटांवर मोजा. शेवटच्या दोनवर ठेच लागल्यासारखं वाटतं आणि सम अपेक्षेपेक्षा एक मात्रा आधी येते. ग्रेगने पुढे सांगितलंय की ही ११ ची लय आहे हे त्यालाच ठाऊक नव्हतं. तीन त्रिक नऊ आणि परत यायला दोन, एवढाच त्याचा हिशेब. ड्वेनने सांगितल्यावर त्याला कळलं. गायन सुरू झालं की ठेच जाते आणि लय तीन-तीनच्या सरळ चालीवर येते.

दहाएक मिनिटांनंतर ताल जवळजवळ विरघळतो. नवा श्रोता इथे 'संपलं का?' म्हणून पुढे सरकवतो. तसं करू नका, त्यांचं एकमेकांकडे कान लावून चालणं इथेच ऐकू येतं. हा भाग इतका हलका आहे की लोकलमध्ये किंवा गाडी चालवताना निम्मा हरवतो. प्लेअरमधलं आवाज समान करणारं सेटिंग बंद ठेवा, आणि दोन ट्रॅकमध्ये खंड पडू न देणारं सेटिंग चालू ठेवा. शेवटी टाळ्यांत एक नवी धून सुरू होताना विरते ना, ती 'माउंटन जॅम'. ती ३३ मिनिटं 'ईट अ पीच'वर (१९७२) आहेत. त्यापासून सुरुवात मात्र करू नका. या बँडला कंटाळलेल्यांपैकी बरेच जण तिथूनच आत शिरलेले असतात.

आता खरी मजा, तुलनेची. एकच गाणं घ्या आणि तीन तारखा ऐका. एप्रिल १९७० चा सिनसिनाटीतल्या लडलो गॅराज क्लबमधला कार्यक्रम (प्रकाशन १९९०) खडबडीत आहे. तिथली 'माउंटन जॅम' ४४ मिनिटांची, आणि मला ती अर्धी जास्तच वाटते. फेब्रुवारी १९७० ची फिलमोर ईस्टची टेप ग्रेटफुल डेड या बँडच्या ध्वनितंत्रज्ञाने, ऑस्ली स्टॅनलीने केलेली. तिच्यात 'एलिझाबेथ रीड' अजून अंगात मुरलेलं नाही. त्यानंतर मार्च १९७१. जेमतेम वर्षभरात केवढा फरक पडला ते मग सांगावं लागत नाही. १२ आणि १३ मार्चचे चारही कार्यक्रम हवे असतील तर २०१४ मध्ये निघालेला सहा सीडींचा संच घ्या. त्यात २७ जून १९७१ ची, फिलमोर ईस्ट बंद झाली त्या रात्रीची बैठकही आहे.

ड्वेननंतर काय? १९७२ मध्ये पाच जण आणि एकच गिटार. बेट्सने स्लाइडही सांभाळली. त्या नोव्हेंबरमध्ये बेरीही मोटरसायकल अपघातातच गेला, ड्वेनच्या जागेपासून थोड्याच अंतरावर. चक लेव्हेलचा पियानो आला आणि रंग बदलला. जुलै १९७३ मध्ये वॉटकिन्स ग्लेनला ग्रेटफुल डेड आणि 'द बँड' नावाचा गट यांच्यासोबत हे वाजले तेव्हा सुमारे सहा लाख माणसं होती. मोडणं-जुळणं होत १९८९ ला पुन्हा उभारी आली. त्यानंतर न्यूयॉर्कच्या बीकन थिएटरमध्ये मार्च महिन्यातल्या बैठका सुरू झाल्या, एकूण दोनशेहून जास्त कार्यक्रम. लोक एकाच आठवड्यात तीन-तीन रात्रींची तिकिटं काढत, कारण यादी रोज बदलायची. श्रोत्यांना रेकॉर्डिंग करायची मुभा असे, त्यामुळे टेपांची देवाणघेवाण फोफावली. या काळासाठी 'वन वे आउट' (२००४) ऐका: गिटारवर वॉरन हेन्स आणि डेरेक ट्रक्स. डेरेक हा बुचचा पुतण्या. त्याच्या स्लाइडमध्ये सरोदची मींड ऐकू आली तर तो भास नाही, कॅलिफोर्नियातल्या अली अकबर कॉलेजमध्ये तो शिकलाय. शेवटचा कार्यक्रम २८ ऑक्टोबर २०१४ ला सुरू होऊन मध्यरात्रीनंतर संपला, म्हणजे ड्वेनच्या स्मृतिदिनी. शेवटचं गाणं 'ट्रबल नो मोअर', १९६९ मध्ये सगळ्यांनी मिळून पहिल्यांदा वाजवलेलं.

इंटरनेटवर फिरणाऱ्या टेपांबद्दल सावध राहा. तारखा सर्रास चुकीच्या असतात. '१९७१' लिहिलंय आणि लेव्हेलचा पियानो वाजतोय, तर ती टेप १९७२ च्या शेवटाची किंवा त्यानंतरची. 'जेसिका' ही धून असेल तर १९७३ किंवा पुढची. मिक्सरमधून घेतलेल्या टेपेत गायन मोठं आणि गिटार बारीक असते, कारण लहान सभागृहात गिटारचे अॅम्प्लिफायर मुळातच इतके जोरात असत की मिक्सरमध्ये त्यांना वाढवायची गरज नसे. तो दोष टेपेचा आहे, वादकाचा नव्हे.

दुसरी भानगड वेगाची. कॅसेटच्या प्रतीवरून प्रत काढताना वेग सरकतो आणि सगळं चढं किंवा उतरं वाजतं. हे तपासायला ग्रेगचा ऑर्गन हाताशी आहे. हॅमंडची चाकं सिंक्रोनस मोटरवर फिरतात, म्हणून त्याचा सूर विजेच्या ६० हर्ट्झला बांधलेला असतो आणि गिटारसारखा उतरत नाही. (६० चा ऑर्गन बदल न करता आपल्या ५० हर्ट्झवर लावला तर तीन सेमिटोनहून (सेमिटोन म्हणजे लागून असलेल्या दोन स्वरांमधलं अंतर) थोडा जास्तच खाली वाजेल.) 'स्टॉर्मी मंडे'मधला ऑर्गनचा लांब जी निवडा आणि फोनवरच्या ट्यूनरला ऐकवा. ५० सेंट, म्हणजे अर्धा सेमिटोन, चढा दिसला तर टेप सुमारे ३ टक्के जलद आहे. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये वेग २.८ टक्क्यांच्या आसपास कमी करा. त्यासाठी 'चेंज स्पीड अँड पिच' (जुन्या आवृत्त्यांत 'चेंज स्पीड') वापरा, 'चेंज पिच' नव्हे, कारण टेप धावली की सूर आणि लय दोन्ही बदलतात. सुधारलेली प्रत फ्लॅकमध्येच (आवाजाचा दर्जा न घटवणाऱ्या फाइल-प्रकारात) ठेवा. एमपीथ्रीवरून फ्लॅक बनवून पुढे पाठवणाऱ्याला चाहत्यांत शिव्या बसतात.

एलपी घ्यावी का, हेही तुम्ही विचारलंय. मुखपृष्ठावरचा जिम मार्शलचा फोटो आणि मागे रोडींचा (बँडचं सामान वाहणाऱ्या मदतनिसांचा), एवढ्यासाठी जरूर घ्या. पण चौथी बाजू पूर्ण २३ मिनिटांची असल्याने खाचा अरुंद आणि आवाजाची पातळी कमी ठेवावी लागते. जुन्या प्रतीवर तो हलका भाग करकरीखाली दबतो. 'व्हिपिंग पोस्ट' सीडीवर ऐका, एलपीवर तिसरी बाजू लावा.